तारकामार्ग छायाचित्रण : ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसर

पृथ्वीच्या अक्षीय भ्रमणामुळे आकाशातील तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात. कॅमेरा तिपाईवर स्थिर बसवून त्याची झडप काही मिनिटे अथवा काही तास उघडी ठेवल्यास तारे बिंदूंच्या रूपात न उमटता वर्तुळखंडांच्या रूपात उमटतात. अशा रेषेस तारकामार्ग व त्या नोंदण्याच्या कलेस तारकामार्ग छायाचित्रण असे म्हणतात. खगोलीय छायाचित्रणाच्या प्रारंभी ही रेषा दोष मानली जाई. पुढे ती मापनाचे साधन झाली आणि अंकीय म्हणजेच डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारानंतर हौशी निरीक्षकांच्या आवडीचा विषय बनली. ठाणे, कल्याण व डोंबिवली या दाट वस्तीच्या नगरांच्या परिसरात तिचा इतिहास दुहेरी आहे. एका बाजूने तो कॅमेऱ्याच्या प्रगतीचा, तर दुसऱ्या बाजूने अंधाऱ्या आकाशाच्या माघारीचा इतिहास आहे.

तत्त्व : पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे प्रत्येक तारा खगोलीय ध्रुवाभोवती दर तासास सु. १५ अंशांचा कंस आक्रमितो. ध्रुवाजवळच्या ताऱ्यांचे कंस लहान त्रिज्येचे, तर खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचे मार्ग जवळजवळ सरळ रेषेसारखे असतात. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे विषुववृत्तालगत असल्याने त्यांचे मार्ग असे सरळ दिसतात. त्यांच्या दक्षिणेकडील ताऱ्यांचे कंस उलट दिशेने वाकलेले असतात. ध्रुवतारा हाही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून किंचित अधिक दूर असल्याने छायाचित्रात तो स्थिर बिंदू न राहता लहानसा कंस काढतो. ताऱ्यांचे रंगही या चित्रांत स्पष्ट होतात. उदा., काक्षीची रेषा तांबूस व राजन्याची निळसर उमटते.

कोणत्याही ठिकाणी ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. ठाणे, डोंबिवली व कल्याण ही तिन्ही नगरे १९° उ. अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहेत. त्यामुळे तेथून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर केवळ सु. १९ अंश उंचीवर दिसतो आणि ध्रुवापासून तेवढ्याच अंतरातील तारे कधी मावळत नाहीत. लंडनहून ध्रुव ५१ अंशांपेक्षा जास्त उंचीवर असल्याने तेथील चित्रांत विस्तृत पूर्ण वर्तुळे सहज येतात. कोकणात मात्र वर्तुळांचा खालचा भाग क्षितिजावरील धुरकट हवेत व दिव्यांच्या उजेडात बुडतो. या भौगोलिक वस्तुस्थितीचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे.

प्रारंभीचा इतिहास : १७ जुलै १८५० रोजी अमेरिकेतील हार्व्हर्ड वेधशाळेत विल्यम क्रँच बाँड (१७८९–१८५९) व जॉन ॲडम्स व्हिपल (१८२२–९१) यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र होय. त्याकाळच्या मंद पट्ट्यांवर प्रतिमा उमटण्यासाठी दूरदर्शकाला ताऱ्यामागोमाग अचूक फिरवावे लागे. यंत्रणा किंचित अडखळली, तरी बिंदूची रेषा होई. साहजिकच ही रेषा टाळणे हेच दीर्घकाळ वेधकर्त्यांचे उद्दिष्ट राहिले. जिलेटिनाच्या कोरड्या पट्ट्या प्रचारात आल्यावर परिस्थिती पालटली. १८८२ मध्ये केप ऑफ गुड होप येथे डेव्हिड गिल (१८४३–१९१४) यांच्या मार्गदर्शनाखाली घेतलेल्या मोठ्या धूमकेतूच्या चित्रांत पार्श्वभूमीवर असंख्य तारे आढळले. त्यातून छायाचित्रांच्या आधारे आकाशाचा नकाशा करण्याच्या कल्पनेस बळ मिळाले.

तारकामार्ग मुद्दाम उमटवून त्यांचा शास्त्रीय उपयोग करण्याचे श्रेय मुख्यतः हार्व्हर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड चार्ल्स पिकरिंग (१८४६–१९१९) यांना दिले जाते. ताऱ्याच्या तेजस्वितेनुसार त्याची रेषा कमीअधिक ठळक उमटते, या गोष्टीचा त्यांनी तेजस्विता-मापनासाठी उपयोग केला. तेथेच ध्रुवताऱ्याचा मार्ग रात्रभर नोंदणारा स्थिर कॅमेराही वापरात होता. ढग आले, की ध्रुवताऱ्याची रेषा तुटे व त्यावरून रात्रीच्या अभ्राच्छादनाची नोंद होई. २७ नोव्हेंबर १८८५ रोजी प्राग येथे लाडिस्लाउस व्हाइनेक (१८४८–१९१३) यांना उल्केचे पहिले छायाचित्र मिळाले. पुढे कॅमेऱ्यासमोर फिरती चकती बसवून उल्केच्या रेषेचे ठराविक कालांतराने तुकडे पाडण्याची व त्यावरून तिचा कोनीय वेग काढण्याची पद्धत रूढ झाली.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील खगोलीय छायाचित्रणाच्या इतिहासात २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास महत्त्वाचे स्थान आहे. त्याचा खग्रास पट्टा कोकणापासून वऱ्हाडापर्यंत पसरला होता. नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) यांच्या पथकाने विजयदुर्ग येथून वेध घेतले, तर वऱ्हाडातील तळणी येथून ॲनी माँडर (१८६८–१९४७) यांनी सूर्याच्या किरीटाची दूरवर पसरलेली शाखा छायाचित्रात पकडली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दोन पथके होती. त्यांपैकी एक पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचे व दुसरे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँबेल (१८६२–१९३८) यांचे होते.

कँबेल यांच्या पथकाकडील शेबर्ले पद्धतीचा कॅमेरा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचे केंद्रांतर ४० फूट म्हणजे सु. १२ मी. होते. एवढा लांब कॅमेरा सूर्यामागे फिरवणे अवघड असल्याने भिंग व नळी स्थिर ठेवून केवळ छायाचित्र-पट्टी घड्याळी यंत्रणेने सरकवीत. ती न सरकविल्यास सूर्याची प्रतिमा दर सेकंदास जवळजवळ ०·८ मि.मी. घसरली असती. आकाशाच्या ज्या गतीवर मात करण्यासाठी जेऊरच्या माळावर एवढी खटपट करावी लागली, तीच गती मुक्तपणे नोंदणे हा तारकामार्ग छायाचित्रणाचा हेतू आहे.

तख्तसिंगजी वेधशाळेत ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक होता व त्याकाळी तो भारतातील सर्वांत मोठा होता. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली व तिची साधने कोडईकानल येथे गेली. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने १८८७ च्या पॅरिस परिषदेत ठरलेल्या आंतरराष्ट्रीय तारकासूचीच्या कामात भाग घेऊन आकाशाच्या नेमून दिलेल्या पट्ट्यांची छायाचित्रे घेतली. त्यानंतर महाराष्ट्रात या विद्येची जोपासना मुख्यतः हौशी निरीक्षकांनी केली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये, तर मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील नेहरू तारांगण मार्च १९७७ मध्ये सुरू झाले.

फिल्मचा काळ : १९८५–८६ मधील हॅलीच्या धूमकेतूच्या आगमनाने महाराष्ट्रात आकाशदर्शनाची लाट आली. या सुमारास मुंबईत खगोल मंडळाचे कार्य सुरू झाले व कर्जत लोहमार्गावरील वांगणी हे गाव रात्रभर चालणाऱ्या आकाशदर्शन कार्यक्रमांसाठी प्रसिद्धीस आले. कल्याण येथील आकाश मित्र मंडळाने तसेच ठाण्याचे पंचांगकर्ते व खगोल-अभ्यासक दा. कृ. सोमण यांनी या परिसरात खगोलशास्त्राच्या प्रसाराचे काम केले. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने या नगरांची वाढ घडविली. त्याच लोहमार्गाच्या पुढील फाट्यावरून लोकल गाडीने नगराबाहेरचा अंधार गाठता येत असे, ही येथील निरीक्षकांची मोठी सोय होती.

या काळात तारकामार्गाचे चित्र घेण्यास साधा यांत्रिक झडपेचा ३५ मि.मी. कॅमेरा, तिपाई व झडप उघडी धरून ठेवणारी लवचिक तारेची कळ एवढी सामग्री पुरे. विजेरीवर चालणाऱ्या झडपेची विजेरी मध्यरात्रीच संपत असल्याने यांत्रिक कॅमेरा अधिक भरवशाचा ठरे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या कारखान्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म देशात उपलब्ध होती. ५० मि.मी. केंद्रांतराच्या भिंगाने विषुववृत्ताजवळील ताऱ्याची एका तासाची रेषा फिल्मवर सु. १३ मि.मी. लांब येते. म्हणजे ३६ मि.मी. रुंदीच्या चौकटीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग ती व्यापते. फिल्मच्या गुंडाळीतील पहिले चित्र दिवसाउजेडी घेण्याचा प्रघात होता. तसे न केल्यास काळ्या आकाशाच्या चौकटींच्या कडा ओळखता न येऊन प्रयोगशाळेत फिल्म भलत्याच ठिकाणी कापली जाण्याचा संभव असे.

फिल्मच्या दोन मर्यादा होत्या. अत्यंत मंद प्रकाशात दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या पायसाची संवेदनक्षमता घटते. कार्ल श्व्हार्ट्‌सशिल्ट (१८७३–१९१६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परिणामाचा नियम मांडला. दुसरी मर्यादा अधिक जाचक होती. स्थिर कॅमेऱ्यात तारा फिल्मच्या एका ठिकाणी क्षणभरच थांबतो, उलट आकाशाची पार्श्वभूमी मात्र सर्व काळ त्याच ठिकाणी प्रकाश टाकत राहते. त्यामुळे झडप जास्त वेळ उघडी ठेवल्याने रेषा लांबते, परंतु अधिक अंधुक तारे उमटत नाहीत. पार्श्वभूमी तेवढी उजळत जाते. नगराच्या उजेडात अर्ध्या तासातच चित्र करडे पडे. म्हणून तासाभराच्या चित्रासाठी कल्याणच्या पुढे, शक्य तितके दूर जाणे अपरिहार्य होते.

अंकीय कॅमेरा : १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशसंवेदी प्रयुक्तीचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला अंकीय कॅमेरा बनविला. एक चित्र फितीवर नोंदण्यास त्याला २३ सेकंद लागत. २००३–०४ च्या सुमारास बदलता येणाऱ्या भिंगांचे अंकीय कॅमेरे हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात येऊ लागले व पुढील काही वर्षांत फिल्मचा वापर मागे पडला.

प्रारंभी अंकीय कॅमेरा तारकामार्गांस अयोग्य समजला जाई. झडप दीर्घकाळ उघडी राहिल्यास संवेदक तापतो व चित्रात उष्णताजन्य कण दिसू लागतात. संवेदकाचे तापमान सु. ६ ते ८ अंश से. वाढले, की हा दोष दुप्पट होतो. कोकणातील उबदार रात्री त्यास अनुकूलच असतात. या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याने फिल्मच्या काळातील दुसरी मर्यादाही बव्हंशी दूर केली. एक तासाचे एकच चित्र घेण्याऐवजी ३० सेकंदांची अनेक चित्रे लागोपाठ घ्यावयाची व नंतर संगणकावर त्यांचा संयोग करावयाचा, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक दोन चित्रांत एक सेकंदाचे अंतर ठेवल्यास एका तासात सु. ११६ चित्रे मिळतात. संयोग करताना प्रत्येक चित्रबिंदूसाठी सर्व चित्रांतील केवळ सर्वाधिक तेजस्वी मूल्य निवडले जाते. ‘स्टारट्रेल्स’ व ‘स्टारस्टॅक्स’ यांसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालींमुळे हे काम सोपे झाले.

या पद्धतीचे मर्म आकडेमोडीने स्पष्ट होते. २४ मि.मी. केंद्रांतराच्या भिंगातून विषुववृत्तावरील ताऱ्याची प्रतिमा संवेदकावर दर सेकंदास सु. १·७ मायक्रॉन सरकते. ६ मायक्रॉन रुंदीचा चित्रबिंदू ओलांडण्यास तिला सु. साडेतीन सेकंद लागतात. सलग एका तासाच्या चित्रात त्या बिंदूवर ताऱ्याचा प्रकाश साडेतीन सेकंद, तर आकाशाचा उजेड ३,६०० सेकंद पडतो. म्हणजे पार्श्वभूमीला ताऱ्यापेक्षा हजारपट अधिक वेळ मिळतो. ३० सेकंदांच्या चित्रांत हे प्रमाण नऊपटीहूनही कमी होते. सर्वाधिक मूल्य निवडण्याच्या रीतीमुळे शंभर चित्रे एकत्र केली, तरी पार्श्वभूमी एका चित्राइतकीच राहते. रेषा मात्र शंभरपट लांब होते. यामुळेच ठाण्यातील वा डोंबिवलीतील इमारतीच्या गच्चीवरूनही ठळक ताऱ्यांचे मार्ग टिपणे शक्य झाले.

सलगता हा या पद्धतीचा प्राण आहे. दोन चित्रांतील खंड पाच सेकंदांपर्यंत वाढला, तर रेषेत तुटकपणा दिसू लागतो. म्हणून कॅमेऱ्यातील दोषनिवारणाची स्वयंचलित सोय बंद ठेवतात. ती चालू असल्यास प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ झडप मिटून दुसरे, काळे चित्र घेतो व निम्मी रेषा नाहीशी होते. असे काळे चित्र कामाच्या अखेरीस भिंगावर झाकण ठेवून वेगळे घेतात.

स्थानिक परिस्थिती : जून ते सप्टेंबर हे महिने पावसामुळे बहुतांशी निरुपयोगी असतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम होय. मात्र खाडीच्या सान्निध्यामुळे व भातखाचरांतील ओलाव्यामुळे पहाटे भिंगावर दव धरते. त्यासाठी भिंगाभोवती किंचित ऊब देणारी पट्टी गुंडाळतात. चंद्रप्रकाश टाळण्यासाठी कृष्ण पक्षाच्या अखेरीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या रात्री निवडतात. जमिनीवरील किल्ला, झाड वा मंदिर चित्रात उजळ हवे असल्यास अर्धा चंद्रही उपयोगी पडतो.

स्थळाची निवड दिशेवर अवलंबून असते. वांगणीहून बदलापूर, उल्हासनगर व कल्याण यांचा उजेड मुख्यतः वायव्येस दिसतो. तो ध्रुवाच्या डाव्या अंगास येत असल्याने व ध्रुव केवळ १९ अंश उंच असल्याने वर्तुळाकार मार्गांची चित्रे तेथे क्रमाने कठीण झाली. कल्याणच्या पूर्वेस मुरबाडहून माळशेज घाटाकडे गेल्यास नगरांचा उजेड पश्चिमेस राहतो व उत्तरेचे आकाश तुलनेने मोकळे मिळते. घाटमाथ्यावरील हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणे दमट हवेच्या थराच्या बऱ्याच वर असल्याने अधिक अनुकूल आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सु. १८·४ लक्ष व कल्याण–डोंबिवलीची सु. १२·५ लक्ष होती. २०१५ नंतर देशभर रस्त्यांवर सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी दिवे मोठ्या प्रमाणावर आले. त्यांनी विजेची बचत होते. तथापि पांढऱ्या दिव्यांतील निळा प्रकाश हवेच्या रेणूंकडून अधिक विखुरला जातो व आकाश उजळते. जगभरच्या नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या निरीक्षणांच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार रात्रीच्या आकाशाची तेजस्विता सरासरीने दरवर्षी सु. ९·६ टक्के वाढत आहे. या गतीने आज २५० तारे दिसणाऱ्या ठिकाणी जन्मलेल्या मुलास वयाच्या अठराव्या वर्षी तेथून सु. १०० च तारे दिसतील.

मर्यादा व उपयोग : अंकीय पद्धतीने उजेडावर मात केली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तिने अंधार परत मिळविलेला नाही. जो तारा एका चित्रात पार्श्वभूमीखाली बुडाला, तो हजार चित्रे एकत्र करूनही या रीतीने वर येत नाही. गच्चीवरील चित्रात दाट दिसणारी वर्तुळे ही बव्हंशी रेषांच्या लांबीमुळे दाट भासतात, ताऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे. तसेच सर्वाधिक मूल्य निवडण्याच्या रीतीत विमानांचे दिवेही कायम राहतात. मे २०१९ पासून स्टारलिंक मालिकेतील हजारो कृत्रिम उपग्रह कक्षेत सोडले गेल्याने संध्याकाळी व पहाटे त्यांच्या रेषाही ताऱ्यांच्या मार्गांना छेदतात. या रेषा संगणकावर पुसता येतात. परंतु तसे केल्यास चित्राचे नोंद म्हणून असलेले मूल्य घटते. म्हणून चित्रांची संख्या, प्रत्येकाचा कालावधी व केलेले संस्कार यांची नोंद चित्रासोबत देणे इष्ट ठरते.

शिक्षणाच्या दृष्टीने या चित्राचे महत्त्व मोठे आहे. ध्रुवबिंदू केंद्र मानून कोणत्याही कंसाचा कोन कोनमापकाने मोजला व त्यास १५ ने भागले, तर चित्र किती तास चालले हे विद्यार्थ्यास स्वतः काढता येते. लहान व मोठ्या त्रिज्येच्या सर्व कंसांचा कोन सारखाच भरतो, यावरून फिरते ते आकाश नसून निरीक्षकाच्या पायांखालची पृथ्वी आहे, या मताला सुलभ आधार मिळतो.

चित्राचा दुसरा उपयोग स्थानिक स्वरूपाचा आहे. एकाच ठिकाणाहून, त्याच भिंगाने व त्याच कालावधीची चित्रे वर्षानुवर्षे घेत गेल्यास त्यांतील रेषांची संख्या मोजून आकाशाच्या उजळण्याचे प्रमाण ठरविता येते. अंधाऱ्या आकाशाच्या संरक्षणाचे प्रयत्न महाराष्ट्रात सुरू झाले आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेकडून अंधकारमय आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली व असे ते भारतातील पहिले उद्यान ठरले. पेंच हे राज्याच्या पूर्व टोकास आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील विद्यार्थ्यास ध्रुवतारा दाखवावयाचा, तर तो त्याच्या गावाजवळच दिसला पाहिजे. दिव्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविणारी आच्छादने, आवश्यक तेवढीच दीप्ती व मध्यरात्रीनंतर जाहिरातफलकांचे दिवे मालविणे हे त्यासाठीचे साधे उपाय होत. असे उपाय योजले गेले किंवा नाही, याची साक्ष या परिसरातील गच्च्यांवरून घेतलेली तारकामार्गांची दिनांकित छायाचित्रे पुढील पिढ्यांना देऊ शकतील.